माय अनसिंगले गेली

गेल्या रविवारी फोनवर धाकटीनं मला विचारलं, "आजी, अनसिंग किती लांब आहे?" कुठून, असं मी विचारल्यावर म्हणाली, "आमच्या घरातून." तुमची आई म्हणे रोज संध्याकाळी "मी अनसिंगला चालले" असं सांगते, खोलीत जाते, दार लावते आणि वीस मिनिटांनी परत येते. थोरल्यानं नकाशात शोधलं होतं. त्याला ते विदर्भात, वाशीमजवळ सापडलं. आधी एक विमान, मग दुसरं विमान, मग गाडी, हे वीस मिनिटांत कसं होतं ते त्याला कळेना. आईला विचारलं तर ती नुसती हसते.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. ती अनसिंगला गेली असेल तर परत येईपर्यंत थांबा.

हा प्रवास तुमच्या आईनं शोधलेला नाही. तो आमच्या रिसोडच्या घरमालकीणबाईंचा आहे.

रिसोडला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मला लागली तेव्हा तुमचा मामा सात वर्षांचा होता आणि तुमची आई चार. तुमच्या आजोबांची नोकरी गडचिरोलीकडे, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. शाळेतल्या शिपाईबाईंनी एका घराची वरची खोली रिकामी असल्याचं सांगितलं. दोन्ही मुलांना घेऊन मी तिथं गेले. दारात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती.

"तुझी आई आहे का घरात?"

"नाई. माय अनसिंगले गेली."

अंगणात एक उंच, काळीसावळी बाई लाकडी खोक्यावर बसली होती. तोंड भिंतीकडे, मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावर पदर. कुणी पाहुणी असेल, असं मला वाटलं.

"कधी येतील?"

"गाडी आली का येते," मुलगी म्हणाली.

मी हिशोबी बाई. गाडी आली की येते, तर गाडीपाशी गेलेलं बरं. मुलांना घेऊन मी तडक बसस्टँडवर गेले आणि वाशीमकडून येणाऱ्या प्रत्येक एसटीतून उतरणाऱ्या बायकांना विचारत राहिले, तुम्ही अनसिंगहून आलात का? एकीनं मला सरकारी माणूस समजून हातातली पिशवी पदराआड घेतली. तासाभरानं कंटाळून परत आले, तर तीच खोक्यावरची बाई दारात उभी.

"म्याडमबाई ना तुमी? कवाची वाट पाहून राह्यली मी. कुठी गेल्त्या?"

"तुम्हाला घ्यायला. बसस्टँडवर."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या मुलीकडे, आणि उंबऱ्यावर बसून इतकं हसल्या की गोठ्यातली शेळी ओरडायला लागली. खोली मला मिळाली. ही गोष्ट त्यांनी पुढं गल्लीत प्रत्येकाला सांगितली, आणि दर वेळी मी बसस्टँडवर तपासलेल्या गाड्यांत एक गाडी वाढत गेली.

मी त्यांना काकू म्हणत असे. त्यांचा नवरा धान्याच्या बाजारात मापारी होता, घरात चार मुलं, एक शेळी, आणि पाणी एक दिवसाआड. आवाज असा की त्यांनी घरात कुणाला हाक मारली तर शेजारची दोन घरं ओ देत. शिकलेल्या चौथीपर्यंत. पण रोज साडेपाचच्या सुमारास, चहा झाल्यावर आणि चूल पेटायच्या आधी, त्या तोंड धुवायच्या, खुंटीवरची पिशवी घ्यायच्या, खोका भिंतीपाशी ओढायच्या आणि बसायच्या. भिंतीचा गिलावा एके जागी चौकोनी पडला होता. ती गाडीची खिडकी. पिशवीत एका डबीत फुटाणे असत, ते त्या एकेक करून खात. दिवेलागणीला उठून त्या "आलं बा" म्हणत आणि चुलीकडे जात.

तेवढ्या वेळात त्या घरी नसत. मुलांना ताकीद होती, रक्त निघालं तर हाक मारायची, नुसतं रडू आलं तर नाही. दारात कुणी आलं की मुलं सांगत, "माय अनसिंगले गेली." शेजारीण विरजण मागायला यायची. काकू तिच्यापासून चार हातांवर बसलेल्या असायच्या. ती बाई डोळा न मिचकावता म्हणायची, "आली का सांगजो, विरजण पाह्यजे होतं." नंतर काकू विचारणार, "कोनी आल्तं का व?" जणू काही ऐकलंच नाही.

एकदा खानेसुमारीचे गुरुजी आले. घरात बाया किती, असं त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला, "एक. पन ते अनसिंगले गेली." गुरुजी म्हणाले, "मंग हे कोन बसली?" "हे मायच हाय." गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि सहानंतर येतो म्हणून निघून गेले.

इंग्रजी शिकवताना एक धडा मला दरवर्षी घ्यावा लागे. एखादा माणूस गावाला गेला आहे आणि अजून तिथंच आहे, हे इंग्रजीत वेगळं सांगतात, आणि जाऊन परत आला आहे, हे वेगळं. हा फरक तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तो चालताबोलता पाळता. माझ्या मुली मात्र हमखास चुकत. आणि घरी आलं की ही बाई, गेलेली आणि समोर बसलेली. हिच्यासाठी कोणत्याच व्याकरणात रूप नव्हतं.

बाकीही त्यांचं सगळं उलटंच. तव्यावरची पहिली भाकरी त्या स्वतः खात, चुलीपुढे बसूनच, जवसाची चटणी लावून, वाफ निघत असतानाच. आमच्याकडे बाई सगळ्यांत शेवटी जेवते. त्यांच्या सासूबाई होत्या तोवर यावरून घरात बराच गहजब झाला होता म्हणे. मी विचारलं तर म्हणाल्या, "पह्यली भाकर चुलीची असते ना? मंग चूल म्हंजे कोन? मीच." नवऱ्याशी भांडण झालं की त्या त्याच्याशी बोलत नसत, शेळीशी बोलत. "बकरे, सांग तुह्या मालकाले, डाळ सरली." मापारी काकाही शांतपणे शेळीला सांगत, "बकरे, म्हनाव उद्या आनतो." तीन-चार दिवस शेळीला मधे उभं राहून संसार चालवावा लागे.

मला हे गमतीचं वाटे आणि थोडं खालच्या दर्जाचंही. खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. माझे वडील पोस्टात कारकून होते. आमच्या घरातला पगार घेणारा पहिला माणूस. त्यांनी मला पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि एक मिनिटही वाया घालवायचं नाही हे मी त्यांच्याकडून शिकले होते. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक होतं. पट्टीनं आखलेलं, इंग्रजीत, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत. मुलांचं निळ्या शाईनं, माझं लाल.

बुद्धपौर्णिमेची खीर द्यायला काकू वर आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं. "हे काय हाय?"

मी अभिमानानं एकेक रकाना वाचून दाखवला. पाणी, डबे, वेण्या, शाळा, धडे, पेपर, इस्त्री. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"याच्यात तुमी कुठी हाय?"

"सगळीकडे मीच आहे काकू. हे लाल आहे ते सगळं."

"लाल तं काम हाय. तुमी कुठी हाय?"

मी म्हणाले, रविवारी दुपारी जरा वेळ मिळतो. रविवार कोणता, असं त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, गणवेशाची इस्त्री. त्या पातेलं घेऊन खाली गेल्या.

त्या वर्षी सहामाही परीक्षेचे पेपर माझ्याकडे भरपूर आले होते. तुमची आई दुपारी बालवाडीतून सुटली की काकूंकडे असायची. मी सव्वापाचला येऊन तिला वर नेत असे, आणि मग तिनं गप्प बसावं एवढीच माझी तिच्याकडून अपेक्षा असे. एका संध्याकाळी मी पाणी भरायला खाली गेले. परत आले तर तिनं माझी लाल शाईची दौत उघडून पेपरांच्या गठ्ठ्यावर, माझ्यासारख्याच, बरोबरच्या खुणा केल्या होत्या. पानामागून पानं. शेवटी दौत कलंडली होती. लाल हात वर करून ती म्हणाली, "तुझं काम संपलं."

मी तिला मारलं. चार वर्षांच्या पोरीला, जोरात.

ती रडली नाही. त्या न रडण्यानं मी आणखी घाबरले, आणि घाबरलेल्या माणसासारखा शहाणा निर्णय घेतला. तुमच्या आजोबांची बहीण, म्हणजे तुमच्या आईची आत्या, नागपूरला होती. तिला मूल नव्हतं, घर मोठं होतं, जवळ चांगली शाळा होती. पोरगी माझ्याकडे ठेवा, असं ती वर्षभर म्हणत होती. मी तिला पत्र लिहिलं, आजोबांना कळवलं. दोन वर्षं तिकडे राहू दे, मी जरा स्थिर होते. आठवड्यात उत्तर आलं, पुढच्या रविवारी न्यायला येते. मी तुमच्या आईचे कपडे एका निळ्या पिशवीत भरले आणि यादी करून आत ठेवली.

काकूंना सांगितलं. मला वाटलं, त्या शेळीशी बोलायला लागतील. त्या एवढंच म्हणाल्या, "नागपूरची गाडी लय दूर जाते, म्याडमबाई."

शनिवारी शाळेतच पेपर तपासत बसले आणि पावणेसहाला आले तर काकूंची मोठी मुलगी दारातच उभी. "ते अनसिंगले गेली."

"माहीत आहे मला. माझी मुलगी कुठंय?"

"तेच म्हनून राह्यली. दोघी गेल्या."

अंगणात आज दोन खोके होते, एकामागे एक. पुढच्यावर काकू, मागच्यावर तुमची आई. दोघींचं तोंड भिंतीकडे. तुमच्या आईच्या मांडीवर ती निळी पिशवी होती. मी हाक मारणार तेवढ्यात मोठ्या मुलीनं माझा हात धरला. "गाडी चालू हाय," ती कुजबुजली.

काकूंनी फुटाणा तोंडात टाकला. "बाई, कुठी चालल्या तुमी?"

"नागपूरले," तुमची आई म्हणाली. मी घरात तिला शुद्ध बोलायला लावत असे, पण गाडीत ती गाडीतलीच भाषा बोलत होती.

"हे गाडी नागपूरले नाई जात. अनसिंगले जाते."

"मंग मी कुठी उतरू?"

"आई दिसन तिथी उतर."

तुमच्या आईनं थोडा विचार केला. "आई कामात हाय," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. बाहेर काय दिसतं ते खिडकीतल्या माणसानं सांगावं, तसं.

माझ्या खांद्याला पर्स होती, हातात गठ्ठा होता, चपलाही पायात होत्या. काकूंनी मान वळवली नाही. पण अनसिंगला गेलेल्या असताना त्या बाहेरच्या माणसाशी बोलल्या, असं मी त्या घरात एकदाच पाहिलं.

"मांगची सीट खाली हाय. बसाचं तं बसा. उभ्यानं परवास करू नका."

खोका तिसरा नव्हता. मोठ्या मुलीनं बादली पालथी घालून दिली. मी तुमच्या आईच्या मागे बादलीवर बसले.

मग काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. समोर भिंत होती. पहिली पाच मिनिटं मी मनातल्या मनात उरलेले पेपर मोजले. मग मोजायचं राहून गेलं. तुमच्या आईच्या मानेवर, केस सुरू होतात तिथं, एक भोवरा आहे. रोज सकाळी वेळापत्रकाप्रमाणे सात मिनिटांत मी तिची वेणी घालत होते आणि तो मी कधी पाहिला नव्हता. तिच्या नखांत अजून लाल शाई होती. पुढून काकूंनी डबी मागे दिली. तुमच्या आईनं एक फुटाणा घेतला, एक न बघता मागे माझ्याकडे धरला. मी तो घेतला. थोड्या वेळानं ती मागे सरकली आणि तिची पाठ माझ्या गुडघ्यांना टेकली. मी हललेच नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

"आलं बा अनसिंग," काकू उठत म्हणाल्या. "उतरा."

तुमची आई उतरली. निळी पिशवी तिनं माझ्या हातात दिली आणि शेळीकडे पळाली.

रविवारी आत्या आली, नवा फ्रॉक घेऊन. चहा झाल्यावर मी तिला सांगितलं की मी चुकले, मुलगी पाठवत नाही. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पत्र तू लिहिलं होतंस, वहिनी. मी मागितलं नव्हतं या वेळी." ती दुपारच्या गाडीनं परत गेली, फ्रॉक खाटेवर ठेवून. दोन वर्षं तिनं मला पत्र लिहिलं नाही, आणि त्यात तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढं तुमच्या आईच्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच नाचली, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं आहे. हिरव्या शालूतली, ती.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर सगळं सोपं झालं. काहीही सोपं झालं नाही. पाणी एक दिवसाआडच येत होतं, पेपर तेवढेच होते, मी तेवढीच थकत होते आणि अधूनमधून ओरडतही होते. पण वेळापत्रकातली इस्त्रीची वीस मिनिटं मी खोडली आणि तिथं एक शब्द लिहिला. सगळ्या इंग्रजी तक्त्यात तेवढा एकच मराठी. मुलं चुरगळलेल्या गणवेशात शाळेत गेली. मुख्याध्यापिका एकदा बोलल्या, मी ऐकून घेतलं.

वीस मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून बसे. कधी एकटी, कधी मागे तुमची आई, तिच्या मागे मामा. परत उतरले की तीच मुलं, तीच भांडी, पण मी कुठून तरी आलेली असे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला घरचं पिठलंसुद्धा गोड लागतं, तसं. तुमच्या मामाला शीळ घालता येते, हे मला त्या दिवसांत कळलं. तो म्हणे दोन वर्षं घालत होता.

रिसोड सोडायच्या आधी मी काकूंना विचारलं, "अनसिंग तुमचं माहेर का?"

"नाई व बाई. माहेर मेहकराकडं. आता कोनी नाई राह्यलं तिथी."

"मग अनसिंगच काहून?"

तोवर मीही काहून म्हणायला लागले होते. त्यांनी सांगितलं, लग्नानंतर काही वर्षांनी एकदा वाशीमच्या स्टँडवर त्या दोन तास बसल्या होत्या, कडेवर पोर, हातात पोर. सगळ्या गाड्या भरून येत होत्या. "एकच गाडी खाली होती. पाटी पाह्यली, अनसिंग. खिडक्या सगळ्या मोकळ्या. मनात आलं, बसाव का? मंग आमची गाडी आली. पन ते खिडकी काई डोक्यातून गेली नाई."

"म्हणजे तुम्ही अनसिंग पाहिलंच नाही?"

"नाई."

मला वाईट वाटलं. मी म्हणाले, येत्या रविवारी आपण दोघी जाऊ, तासा-दोन तासांचा तर रस्ता आहे. त्या घाबरल्यासारख्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"कायले? तिथी काय हाय? तिथीबी बाया सयपाकच करून राह्यल्या असतीन."

गेल्या हिवाळ्यात मी रिसोडला जाऊन आले. जाताना माझी बस वाशीमच्या स्टँडवर थांबली आणि समोर अनसिंगची गाडी उभी होती. चढायचा मोह झाला, चढले नाही.

गल्लीत आता सिमेंटचा रस्ता आहे, अंगणात मोटारसायकल. काकू ऐंशीच्या पुढच्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दारातच बसलेल्या. नजर कमी झाली आहे, आवाज नाही. मला आवाजावरून ओळखलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "बसस्टँडवरून आल्या का?" आणि हसत सुटल्या.

त्यांची सून अंगणवाडीत काम करते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं, संध्याकाळी घरची दोन. मला तिला भेटायचं होतं. आत डोकावले तर काकूंनी काठी आडवी घातली.

"सुनबाई घरी नाई. अनसिंगले गेली."

मागच्या अंगणात ती पाठमोरी बसली होती, हातात चहाचा कप घेऊन. भिंतीला आता गिलावा आणि रंग होता. पण मधोमध एक चौकोन बिनरंगाचा सोडला होता.

"आणि तुम्ही? तुम्ही नाही जात आता?" मी विचारलं.

"मी कायले जाऊ? मी आता कंडक्टर," काकू म्हणाल्या. तेवढ्यात धाकटा नातू रडत आला. त्यांनी त्याचा गुडघा बोटांनी चाचपला, रक्त नाही अशी खात्री केली, आणि त्याला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "थांब लेका. गाडी यून राह्यली."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अनसिंग तुमच्या घरापासून एका भिंतीइतकं लांब आहे. तुमची आई तिथं तुमच्यापासून पळून जात नाही. तिनं हा रस्ता चार वर्षांची असताना पाठ केला आहे, आणि त्या दिवशी तिला कुठं उतरायचं होतं ते तुम्ही वर वाचलंच. तुमच्याकडे दार वाजवणारं कुणी आलं, कुणाचा फोन आला, तर काय सांगायचं तेही तुम्हाला आता माहीत आहे. थोरल्यानं कंडक्टर व्हावं. त्याला नकाशा वाचता येतो.

आणि धाकटीनं फोन ठेवता ठेवता हळूच विचारलं होतं, आम्हाला नेते का ती? तर दार पूर्ण लागलेलं असेल तेव्हा गाडी निघून गेलेली असते, वीस मिनिटं थांबायचं. पण कधी कधी ते चार बोटं उघडं असेल. तेव्हा मागची सीट रिकामी आहे असं समजायचं. काही न विचारता जाऊन बसायचं, आणि जवळ फुटाणे असतील तर एक पुढे द्यायचा.